‘हौस’ या शब्दाबद्दल

सस्नेह नमस्कार.

पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील जुन्या एकखोली शाळांवरील माझ्या लेखातील छायाचित्रे पाहून आपण लिहिले आहे : ‘नाशकात आरामात राहणाऱ्यांची ही पडक्या भिंतींची हौस आहे. त्या गळक्या खोलीत शिकावे लागले असते, तर असे गोडवे गायले नसते.’ मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्या माणसाला आपण ओळखत नाही, त्याच्याशी या सुरात बोलण्याचे कारण मला समजले नाही.

आधी माझी चूक. एका छायाचित्राखाली मी ‘जिल्हा परिषदेची १९५५ची शाळा’ असे लिहिले होते. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. त्यापूर्वीची ती शाळा स्कूल बोर्डाची म्हणायला हवी. आपण दाखवलेली ही चूक मी सुधारली आहे.

आता ‘हौस’. माझे वडील पेठ तालुक्यातील एका एकशिक्षकी शाळेत बारा वर्षे होते आणि पहिली ते चौथी मी त्याच खोलीत शिकलो. आषाढात कौलांतून धार लागली की दप्तर पोटाशी धरून कोरड्या कोपऱ्यात कसे सरकायचे, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. चार वर्ग चार भिंतींकडे तोंड करून बसत. तिसरीला पाढे म्हणायला लावून आणि चौथीला शुद्धलेखन देऊन वडील पहिलीच्या पोरांचा हात धरून पाटीवर अक्षरे गिरवून घेत, आणि पाढ्यात कोणी अडखळले तर मान न वळवता तिथूनच दुरुस्त करीत. म्हणून मी प्रत्येक शाळेत खोलीच्या मधोमध कॅमेऱ्याचे तिकाटणे ठेवून, केवळ दारातून येणाऱ्या उजेडात, चारही भिंतींची वेगवेगळी छायाचित्रे घेतो. पहिलीच्या भिंतीवर दप्तरांचे खिळे जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर आणि चौथीच्या भिंतीवर वीतभर वर आहेत; शेजारी फूटपट्टी धरूनच मी ते टिपले. आपल्याला त्यात पडकी भिंत दिसली.

१९८७च्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक देण्याचे ठरवले, ते योग्यच होते, असे त्याच लेखात मी स्पष्ट लिहिले आहे. आपण तेथवर वाचलेले दिसत नाही. स्वच्छतागृहे, पटसंख्या, शिक्षकांच्या रिक्त जागा हे आपले उरलेले मुद्दे महत्त्वाचे असतील. परंतु तो माझ्या लेखाचा विषय नव्हता.

धोकादायक ठरलेल्या इमारतीचे निर्लेखन होते, म्हणजे ती सरकारी नोंदींतून कमी केली जाते, तेव्हा कागदावर तिचे वय आणि मोजमाप उरते. खिळे किती उंचीवर होते, हे कोणी लिहीत नाही. वडिलांची ती खोली गेल्या उन्हाळ्यात उतरवली. तिच्या चारही भिंती आता माझ्याकडील चार छायाचित्रांतच आहेत, आणि त्यांपैकी एकही मी काढून टाकणार नाही.