सायटेशन कमी म्हणजे काम कमी, असं नाही

एका लेखात लोकप्रशासनाच्या संस्थांची तुलना फक्त पेपर किती आणि सायटेशन किती (म्हणजे इतर संशोधकांनी त्या पेपरचा संदर्भ किती वेळा दिला) यावर केलीय, हे मला अजिबात पटलं नाही. दिल्लीची आयआयपीए, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशनच घ्या, अमेरिकी प्रशासनतज्ज्ञ पॉल ॲपलबी यांच्या 1953 च्या अहवालातल्या शिफारशीवरून 1954 मध्ये सुरू झाली, म्हणजे मूळ हेतूच प्रशासन सुधारणं आणि अधिकाऱ्यांचं ट्रेनिंग, आणि त्यासोबत संशोधन. असल्या ठिकाणचं बरंचसं काम सरकारला दिलेल्या अहवालात असतं, तो अहवाल वाचून एखाद्या खात्याने नियम बदलला तरी सायटेशन मोजणाऱ्या स्कोपससारख्या डेटाबेसात त्याची नोंद शून्यच.

दुसरं म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे एखाद्या जर्नलमधल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळाली तो आकडा, मागच्या दोनच वर्षांतले लेख बघतो. वैद्यकशास्त्रात चालतं ते, तिथे लोक भराभर एकमेकांचे पेपर उद्धृत करतात, पण पंचायतराजवरचा चांगला अभ्यास मुरायलाच पाच-सात वर्षं जातात आणि तो पुस्तकरूपात आला किंवा मराठीत आला तर या डेटाबेसात सापडायची मारामारच. एच-इंडेक्सही तसाच (एच-इंडेक्स 10 म्हणजे किमान 10 वेळा उद्धृत झालेले 10 पेपर), 2005 मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडलेला, त्यात वय वाढलं की आकडा वाढतो, कमी होत नाही, मग तरुण प्राध्यापकाची तुलना निवृत्तीला आलेल्याशी कशी करणार?

तरी संस्थांना सूट द्या असं मी म्हणत नाहीये हां. पब्लिक पैशातून केलेले अहवाल कपाटात ठेवू नका, सगळ्यांना फुकट वाचता येतील असे ऑनलाइन टाका, डेटासकट, आणि जिल्ह्यातल्या कामावर असेल तर मराठी सारांशही द्या, तिथल्या ग्रामसेवकाला वाचता यायला हवा तो.