श्वासासकट

गायक पोरसवदा आणि गुणी होता, चौथ्या टेकला रेकॉर्डिंग झाले आणि मी मनातल्या मनात सुटलो. पण मिक्सिंगच्या, म्हणजे आवाज आणि वाद्ये जुळवण्याच्या, दिवशी तो काकांना घेऊन आला आणि काका थेट उजव्या स्पीकरला पाठ टेकून बसले.

"मध्येमध्ये हे फुसफुस काय येतंय?"

"श्वास आहे, काका."

"काढून टाका. गाणं कसं स्वच्छ हवं."

त्या श्वासाचा खरा गुन्हेगार मीच होतो. मी लावलेला कंप्रेसर मोठे आवाज दाबतो, आणि मग एकूण पातळी उचलली की ओळींच्या फटीत दडलेले सगळे वर येते: श्वास, ओठांची चिकचिक, हेडफोनमधून माइकमध्ये झिरपलेला ठेका. हे मी सांगू लागताच काकांनी माशी वारावी तसा हात हलवला. वास्तविक श्वास नुसते हलके करायचे असतात. तरीही मी एकूण ४१ श्वास कापले, आणि कापल्या जागी टिकटिक येऊ नये म्हणून प्रत्येकाची दोन्ही टोके काही मिलिसेकंदांच्या उतारांनी घासून गुळगुळीत केली. त्याच भरात 'स'ची शिट्टी दाबायला डी-एसर जरा जास्त पिळला गेला आणि 'सखे'चे 'थखे' झाले, ते निस्तरण्यात आणखी अर्धा तास गेला.

काकांनी डोळे मिटून ऐकले.

"आता हा मेल्यासारखा गातोय."

"श्वास काढले ना, काका."

"मग परत घाला. पण सरसकट नकोत, भावपूर्ण तेवढेच घाला."

त्यानंतर मी एकेक श्वास सुटा वाजवीत होतो आणि काका निवाडा देत होते: हा भावाचा, हा नुसता दम लागल्याचा, हा पडशाचा. गायक कोपऱ्यात बसून स्वतःच्या फुप्फुसांची ही चौकशी निमूट ऐकत होता. गाणे आवडले तर गळा गोड आणि नावडले तर मिक्सिंग बिघडलेले, हा हिशेब मला पाठ आहे. पण श्वासांचीही जातवार प्रतवारी करून मागणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. शेवटी १७ श्वास मंजूर झाले.

काका ते गाणे फोनमध्ये घेऊन रस्त्यावर गेले, वाहनांच्या गोंगाटात फोन कानाशी धरून त्यांनी ते ऐकले आणि पाचच मिनिटांत परत आले.

"अहो, ह्यात श्वास ऐकूच येत नाहीत! मग दुपारपासून तुम्ही करत काय होतात?"