बन्सफील्डची टाकी गळकी नव्हती

इंग्लंडमधल्या बन्सफील्ड इंधन डेपोचा स्फोट 'गंजलेल्या टाकीला भोक पडल्यामुळे' झाला, असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे ९१२ क्रमांकाची टाकी पेट्रोलने काठोकाठ भरून वरून वाहू लागली. पत्रा शाबूत होता.

तीनच्या सुमारास पातळी दाखवणारा गेज अडकला. टाकी भरत होती, पण कंट्रोल रूममधला आकडा जागचा हलेना. बरं, हे नवं नव्हतं: आधीच्या साडेतीन महिन्यांत तोच गेज १४ वेळा अडकला होता. पुरवठा आपोआप तोडणारा स्वतंत्र स्विचही निकामी होता, कारण त्याची चाचणीची दांडी योग्य जागी धरून ठेवणारं कुलूप बसवलेलंच नव्हतं. ते कुलूप कशासाठी असतं, हे तिथे कुणाला नीट ठाऊक नव्हतं! अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल सांडलं, वाफेचा ढग पसरला आणि सहा वाजता स्फोट झाला.

म्हणून नुसती पत्र्याची जाडी मोजून 'गळती तपासली' म्हणणं पुरेसं नाही. गेज आणि स्विच दोन्ही खरोखर चालवून पाहावे लागतात. चाळीसहून अधिक माणसं जखमी झाली. रविवार असल्याने मृत्यू मात्र एकही नाही.