डिपॉझिटला पावती फाडा की

देवळाच्या पायऱ्या, शाळेची खोली, दवाखान्यातला पंखा... देणाऱ्याचं नाव लिहायला जागा असली की आपल्याकडे पैसा भराभर निघतो. नवऱ्याचं घर सोडून पोरांना घेऊन निघालेल्या बाईच्या खोलीचं डिपॉझिट मात्र कुठल्याच ट्रस्टच्या यादीत बसत नाही.

मागच्या वर्षी आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या ताईंसाठी खोली शोधत पुण्यातल्या सिंहगड रोडच्या आतल्या गल्ल्या पालथ्या घातल्या. महिन्याचं भाडं त्या भरू शकत होत्या. अडत होतं ते एकरकमी पैशांपाशी: डिपॉझिट, एजंटचं एक भाडं, अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटचा खर्च. शिवाय दारोदार एकच प्रश्न, "मिस्टर कुठं असतात?" एका काकूंनी खोली दाखवली, पाणी किती वाजता येतं तेही सांगितलं, आणि मिस्टर बरोबर राहणार नाहीत म्हटल्यावर ती खोली पुतण्यासाठी ठेवलीय हे त्यांना एकदम आठवलं!

कायदा आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं, घर कुणाच्याही नावावर असो, बाईला त्या घरात राहायचा हक्क दिला. दुसऱ्या जागेचं भाडं नवऱ्याकडून मागायचीही सोय त्यात आहे. पण तारखा पडतायत तोवर झोपायचं कुठं? माहेरी भाऊ-भावजय दीड खोलीत. महिलाश्रमात जावं, तर मुलगा जरा मोठा असला की बऱ्याच ठिकाणी त्याला आईजवळ ठेवत नाहीत. ताईंचा मुलगा नववीत आहे.

बाईच्या निवाऱ्यासाठी दान देणं आपल्याला नवीन नाही. अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमासाठी गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला 6 एकर जमीन दिली आणि झोपडी बांधायला 750 रुपये. 1900 मध्ये विधवांचा आश्रम तिथं गेला. तेव्हा ते गावाबाहेरचं माळरान. (आता त्याच भागाला कर्वेनगर म्हणतात, आणि तिथलं डिपॉझिट विचारायची आमची हिंमत झाली नाही.) गोखल्यांच्या देणगीतली मला आवडते ती ही झोपडी. भव्य इमारतीचा निधी जमेपर्यंत थांबा, असं ते म्हणाले नाहीत.

ताईंचे पैसे शेवटी आम्ही मैत्रिणींनी वर्गणी काढून भरले. दान नव्हे, उसने. त्या दरमहा थोडे थोडे फेडतायत आणि एकही हप्ता चुकलेला नाही. "बुडवले तर?" असं विचारणारे आमच्याच घरात निघाले. गणपतीच्या वर्गणीचं काय होतं, हे त्यांनी आजवर कधी विचारलेलं नाही.

ट्रस्टवाल्यांपैकी कुणी वाचत असेल तर एवढंच करा, वर्षाच्या निधीतली थोडी रक्कम अशा फिरत्या डिपॉझिटसाठी बाजूला ठेवा. जागा सोडली की मालक पैसे परत करतो, ते पुढच्या बाईला देता येतात. आणि अ‍ॅग्रीमेंटला दोन साक्षीदार लागतात. पैसे नसतील तर निदान अंगठा द्यायला या.