गुळाने ग्राइंडिंगची धूळ निघत नाही
"ग्राइंडिंग झालं की गुळाचा खडा खा, छातीतली धूळ निघून जाते," असा मेसेज वर्कशॉपवाल्यांत फिरतोय. हे साफ चूक आहे. गूळ जातो पोटात, धूळ बसते फुफ्फुसात. आणि ती नुसत्या लोखंडाची नसते. जुन्या ग्रिलचा रंग घासताना खाली केशरी थर लागला, तर तो गंज रोखायला लावलेला शेंदूर (रेड लेड), म्हणजे शिसं असू शकतं. ते रक्तात उतरतं, कामाच्या कपड्यांवरून घरच्या लेकरांपर्यंत पोचतं. पिवळ्या प्रायमरमध्ये (रंगाखालच्या पहिल्या थरात) कॅन्सर करणारं क्रोमेट, म्हणजे क्रोमियमचं संयुग, असू शकतं. १० मायक्रॉनखालचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण डोळ्यांना दिसत नाहीत, रुमालातून सहज आत जातात. ग्राइंडरचं चाक टेकवण्याआधी थर कशाचा ते विचारा. कळलं नाही तर शिसं आहे असंच धरा. एफएफपी-३ (बारीक धूळ अडवणारा) मास्क लावा, शेजारी उभ्या हेल्परलाही द्या.