तुका कितें पडलां?

चवथीला घरी गेले होते. दुपारची जेवणं झाली, बायका गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली टेकल्या, आणि ओसरीवर म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा विषय निघाला. मी एवढंच म्हटलं की म्हादईच्या पाण्यासाठी नेमलेल्या 'प्रवाह' प्राधिकरणात केंद्राचे आणि गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे अधिकारी बसतात, पण ज्या नदीविषयी ते ठरवणार तिच्या काठच्या गावांना तिथं जागा नाही. मामेभाऊ लगेच म्हणाला, "ही टीएमसीची गणितं. सत्तरी तालुक्यातला शेतकरी तिथं बसून काय सांगणार? ते काम इंजिनिअरांचं आणि वकिलांचं." आणि मग माझ्याकडे वळून, "बाय, तुका कितें पडलां? तू थंय हॉलंडाक."

तेव्हा गप्प बसले. सणाच्या दिवशी वाद नको म्हणून. पण 'तुला काय पडलंय' हे वाक्य माझ्याबरोबर विमानात बसलं आणि अजून उतरलेलं नाही.

गणितं मलाही पाठ आहेत. लवाद नोव्हेंबर २०१० मध्ये नेमला, निवाडा १४ ऑगस्ट २०१८ ला आला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यातलं ८.०२ वीजनिर्मितीचं, आणि कळसा-भांडुरा या ओढ्यांतून मलप्रभा नदीत वळवायचं ते ३.९. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 'प्रवाह'ला मंजुरी दिली, कार्यालय पणजीत. आठ वर्षं लवाद, त्यानंतर सर्वोच्च न्यायालय. या सगळ्या काळात आमच्या घरात म्हादई फक्त बातमी म्हणून आली. केस जिंकलो की नदी वाचली, अशी आमची समजूत. वळवलेलं पाणी अडवायला वकील लागतीलच, मी नाही म्हणत नाही. पण उरलेल्या पाण्याचं काय करायचं, ओढ्यात काय सोडायचं, वाळू किती काढायची, खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीचा, बांध कोण सांभाळणार, हे कुठल्या निवाड्यात लिहून येणार आहे?

मी राहते त्या हॉलंडमधल्या नेउवरकर्कमध्ये घराची जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. देशातली सगळ्यात खोल जागा, उणे ६.७६ मीटर, आमच्याकडून सायकलवर आहे. दर वर्षी वॉटरस्खापचा, म्हणजे पाण्याच्या मंडळाचा, कराचा कागद येतो, घरात आम्ही दोघं म्हणून तीन युनिटं, आणि आम्ही तो वीजबिलासारखा भरून टाकतो. १५ मार्च २०२३ ला शाळेच्या जिममध्ये मतदानाला गेले. पुढच्या शेजारणीच्या हातात दोन मतपत्रिका, माझ्या हातात एक. प्रांताच्या निवडणुकीत मला मत नाही, कारण मी डच नाही. पण पाण्याच्या मंडळासाठी आहे, कारण मी इथं राहते आणि नदीचा बांध फुटला तर मीही बुडणार. लाल पेन्सिलनं चौकोन रंगवताना मला मामेभाऊ आठवला. मला इथल्या कालव्यांचं गणित कोण शिकवायला आलं होतं? पंप किती ताकदीचा हवा हे इंजिनिअरच ठरवतात. पण कुणाच्या शेतात पाण्याची पातळी किती ठेवायची आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे, हे ठरवायला निवडून दिलेली माणसं बसतात. शेतकऱ्यांच्या आणि निसर्ग सांभाळणाऱ्यांच्या जागा त्यात कायद्यानं राखून ठेवलेल्या आहेत.

"तुमची नदी वरून दुसऱ्या देशातून येते, तेव्हा काय करता?" असं मामेभावानं विचारलं असतं तर त्याचंही उत्तर माझ्याकडे होतं. ऱ्हाइनसाठी काठच्या देशांचा आयोग १९५० पासून आहे. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळ रसायनांचं गोदाम जळलं, विष खाली वाहत आलं, मासे मेले. त्यानंतर सगळे खडबडून जागे झाले. आज त्या आयोगात नागरी संघटना निरीक्षक म्हणून बसतात. कर्नाटकातल्या कणकुंबीपासून पणजीपर्यंतचं अंतर त्या मानानं काय आहे? आणि कणकुंबीत तर मराठीच बोलतात.

हे हॉलंडचं कौतुक नाही. इथली माणसं आपली वॉटरस्खापं तेराव्या शतकापासूनची म्हणून मिरवतात, मिरवू देत. आमच्या गावकारींच्या, म्हणजे गावाच्या सामाईक कारभाराच्या, चालीरीती पोर्तुगिजांनी १५२६ मध्ये लिहून काढल्या तेव्हा त्या आधीच जुन्या होत्या. बांध, मानस (बांधातलं पाण्याचं दार), पोंय (दाराआतलं तळं), पाण्याची पाळी, मासळीची पावणी (लिलाव), सगळं गावाचं. खाजनाची ज्यांची जमीन त्यांचा संघ म्हणजे बोउस, आणि बांधाचा खर्च जमिनीच्या हिशेबानं. इथं लोक मला पोल्डर, म्हणजे बांध घालून पाण्यातून काढलेली जमीन, समजावून सांगतात तेव्हा मी ऐकून घेते, आणि मनात म्हणते, आमच्याकडे या.

माशेलजवळच्या आमच्या खाजनाची मानस माझ्या डोळ्यांसमोर आहे. चिऱ्याच्या भिंतीत लाकडी दारं, वरून लटकलेली. भरती चढू लागली की खाडीचं पाणीच दार दाबून बंद करतं. ओहोटीला शेतातलं पाणी आतून रेटतं आणि दार आपसूक उघडतं. ना मोटर, ना कुलूप. रात्री ओहोटीच्या वेळी बाबा कंदील घेऊन जायचे, मी मागून. दाराच्या तोंडाशी जाळं लावलेलं असे. दार सुटताना आधी एक कुरकुर, मग पाण्याचा एकदम लोट, आणि जाळ्यात उसळणारी सुंगटं, म्हणजे कोळंबी. बाबा जाळ्याकडे नंतर बघायचे. आधी हात घालून फळी चाचपायचे, कुठं किड्यानं पोखरलीय का.

त्या काळाला मी सोन्याचा मुलामा देत नाही. गावकार पुरुषच. आम्ही कुळं. माझी आजी डोक्यावरून पाटीनं चिखल वाहायची, पण बैठकीत तिला कुणी विचारलं नाही. १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीनं कसणाऱ्याच्या नावावर जमीन झाली, हा न्यायच झाला. मात्र बांध कुणाचा, याचं उत्तर हळूहळू पुसट होत गेलं. कागदावर कुळांची संघटना, प्रत्यक्षात सरकारी खात्याची वाट बघणं. पावणीचे पैसे बांधासाठी असायचे, ते बाकीच्या वाटांनी जाऊ लागले. सुंगटांना भाव आला तशी दारं हवी तेव्हा उघडली जाऊ लागली, खारं पाणी शेतात जास्त दिवस राहू लागलं, आणि कोरगुट हे खाऱ्या जमिनीतलं भात पिकवणारे कमी झाले.

आमच्या खाजनाचा बांध एका अमावास्येच्या भरतीला फुटला. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. बाबा बुजवायला धावले, आणखी सात-आठ म्हातारे धावले. तरुण कुणी नव्हतंच. भगदाड बुजेना. मग अर्ज गेले, खात्याचा माणूस येऊन मोजमाप घेऊन गेला, पुढच्या पावसात भगदाड दुप्पट झालं. आम्ही भावंडांनी फोनवर काय विचारलं, तर नुकसानभरपाई किती मिळेल. बांधाला किती लागेल, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. आज तिथं खारफुटी आहे. बगळे छान दिसतात, भाचे फोटो पाठवतात.

माझ्या इथल्या घराजवळ नदीच्या बांधावर एक स्मारकशिल्प आहे. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे हॉलंड्स आयसेल नदीचा बांध तिथं फुटला, तेव्हा आरी एवेग्रून नावाच्या एका नावाड्यानं आपली नौका भगदाडात आडवी घातली. त्या पुरात देशात १८३६ माणसं गेली; इकडचा खोलगट प्रदेश त्या नौकेनं वाचला. मी रोज तिथून सायकलनं जाते. पहिल्यांदा ती गोष्ट वाचली तेव्हा बांधाच्या पायरीवर बसून रडले, आणि नवऱ्याला कारण सांगता आलं नाही. नौका कसली, आम्ही बाबांना एक पाटी चिखलही नेऊन दिला नव्हता.

म्हणून "तुका कितें पडलां" हे मला लागलं. त्यातला अर्धा भाग खरा आहे. बाबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, गोवा पोर्तुगिजांकडे होता तेव्हाचा. त्या जोरावर मी पोर्तुगीज पासपोर्ट काढला, इथली नोकरी त्यामुळेच सोपी झाली, आणि माशेलच्या मतदार यादीतून माझं नाव गेलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे, पण त्यावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. बाबांच्या खाजनात मुलगी म्हणून माझा सारखा वाटा आहे, गोव्याचा कायदा तेवढा चांगला. म्हणजे बुडालेल्या शेताची मी मालक, पण ग्रामसभेत उठून बोलायचा हक्क नाही. परक्या नदीच्या मंडळासाठी मला मत, आणि जिच्या पाण्यानं माझी हाडं वाढली तिच्यासाठी नाही. हे दुसऱ्या कुणी माझ्यावर लादलं नाही. फॉर्मवर सही मीच केली.

मामेभावाचं नाव यादीत आहे. त्याचं घर मानशीपासून दहा मिनिटांवर. म्हणून आता ग्रामसभेच्या रविवारी इथल्या पहाटे उठून मी त्याला फोन करते. पहिल्या दोन वेळा तो चिडला. तिसऱ्यांदा म्हणाला, "गेलो होतो गं. रस्ता, कचरा, बांधकामाचे परवाने, एवढंच झालं. बांधाचा विषय कोणी काढलाच नाही."

"मग तू का नाही काढलास?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मागं पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "त्या फळ्या कुठल्या लाकडाच्या असायच्या गं? आत्याच्या यजमानांना ठाऊक होतं."

मला आठवेना. आईला विचारून सांगते म्हटलं.