शिकारीचा कायदा आणि खात्यातली माणसे

जांबोटी, कणकुंबी, हेम्माडगा या पट्ट्यात कोणाच्या बांधावर रानडुकरासाठी लावलेली वायरची फासकी सापडली, की पुढे काय होते हे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कोणाला सांगावे लागत नाही. वनखात्याची जीप येते, महजर म्हणजे पंचनामा होतो, फासकी आणि कोयता जप्त होतो आणि त्या शेतकऱ्याच्या कोर्टाच्या वाऱ्या सुरू होतात. यात मला गैर वाटत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार या शब्दात केवळ मारणे नव्हे, तर सापळा लावणे, आमिष ठेवणे, जनावर हाकणे आणि या सगळ्याचा नुसता प्रयत्नसुद्धा धरला आहे. आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत शिकार केल्यास ३ ते ७ वर्षे कैद व किमान २५ हजार रुपये दंड आहे. (शब्दशः घेतले तर भातातून हत्ती फटाक्यांनी हाकलणे हेही याच व्याख्येत बसते, पण ते राहू द्या.)

माझा प्रश्न एवढाच आहे, की हाच कायदा खात्यातल्या माणसाने मोडला, तर त्याच्या दारात जीप कोणी न्यायची?

ऑक्टोबर २०२३ मध्ये कन्नड बिग बॉसमधल्या एका स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखावरून अटक झाली आणि चौकशी नट व राजकारण्यांच्या घरांपर्यंत गेली. त्याच लाटेत चिक्कमगळूर जिल्ह्यातल्या एका वनाधिकाऱ्याचेही नाव पुढे आले. त्यालाही सोडले नाही हे योग्यच झाले. पण ती लाट आली नसती तर काय, हा विचार मनातून जात नाही.

आपल्या भागाला डिसेंबर २०१४ आठवत असेल. चिक्कमगळूर भागात पकडलेला वाघ भीमगडच्या जंगलात आणून सोडला गेला, थोड्याच दिवसांत खानापूर तालुक्यातली एक तरुण स्त्री त्याच्या हल्ल्यात मरण पावली आणि अखेरीस त्या वाघालाही गोळी घालावी लागली. माणसाच्या जिवाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक कलम ११ खाली तशी परवानगी देऊ शकतात, मात्र तो आदेश लेखी आणि कारणांसह असावा लागतो. म्हणजे गोळीचा कागद असतो. वाघ इथे सोडण्याच्या निर्णयाचा कागदही तितक्याच उघडपणे गावासमोर यायला हवा होता, कारण एक बाई आणि एक वाघ असे दोन जीव त्या निर्णयाने घेतले.

कायद्याची रचनाही तपासण्यासारखी आहे. कलम ५३ प्रमाणे, विनाकारण त्रास देण्यासाठी जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा आहे, ती किती, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सामान्य माणसाला स्वतः न्यायालयात तक्रार न्यायची असेल तर कलम ५५ खाली आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्या खात्याला सावरायला दोन महिने मिळतात.

दुसरीकडे, साहाय्यक वनसंरक्षकाने आरोपीसमक्ष नोंदवलेला पुरावा पुढे खटल्यात ग्राह्य धरता येतो. माझ्या चुलत्यांनी काही वर्षांपूर्वी ज्या महजरावर सही केली, तो कन्नडमध्ये होता. त्यांना कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. कोणी वाचून दाखवला नाही आणि त्यांनीही विचारले नाही, कारण साहेबांसमोर विचारायची आपल्याकडे सवय नाही.

पावसाळ्यात हातात काठी घेऊन जंगल फिरणाऱ्या गार्डबद्दल माझी तक्रार नाही. उलट खात्यातल्या एखाद्याने सांबराच्या मटणाकडे काणाडोळा केला, की गावात शिव्या याच गार्डला बसतात.

यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. कलम ५५ प्रमाणे राज्य सरकार दुसऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याला तक्रार दाखल करण्याचा अधिकार देऊ शकते. वनकर्मचाऱ्यांविरुद्धच्या शिकारीच्या तक्रारींसाठी प्रत्येक जिल्ह्यात वनखात्याबाहेरचा असा एक अधिकारी नेमावा, आणि खानापूर, बेळगाव, निपाणीकडे महजर मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नये.